पंधरा वर्षांची पिकअप आणि हौद्यात बिछाना

जुनी पिकअप घेऊन ती कच्च्या वाटांसाठी आणि मुक्कामासाठी तयार करायची म्हटलं की माहिती मिळते ती दिव्यांची, बंपरची आणि टायरांची. आरटीओत काय होतं, पाटेवाल्याशी (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे, नीट करणाऱ्याशी) काय बोलायचं, कुठला खर्च आधी आणि कुठला मागून करायचा, हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. आमचं काम नुकतंच उरकलंय, वहीतले आकडे ताजे आहेत, म्हणून लिहिते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शोध सुरू झाला. नवी चार-बाय-चार, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, पिकअप आमच्या आवाक्यातली नव्हती. जुन्यात दोनच नावं पुन्हा पुन्हा समोर येत होती, टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे. आमचे मिस्त्री गेली वीसेक वर्षं महिंद्राच्याच गाड्या उघडतात, त्यामुळे गेटअवे ठरली. तिचं २.६ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन त्यांना तोंडपाठ आहे. पुढे टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे, आणि चार-बाय-चार घालायला डॅशबोर्डवर एक गोल खटका.

गाड्या बघताना पहिल्यांदा आरसी बघा, इंजिन मागून. पिकअप दोन प्रकारे पास झालेल्या असतात, खासगी म्हणून पांढऱ्या पाटीवर किंवा मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर. पिवळ्या पाटीला फिटनेसची फेरी वारंवार, विमा वेगळा, टॅक्स वेगळा. नाशिककडची एक गेटअवे दिसायला फार देखणी होती, पण आरसीवर ‘गुड्स कॅरिअर’. ती सोडली. तळेगावजवळच्या एका नर्सरीवाल्याकडची मिळाली ती पांढऱ्या पाटीची, २००९ची, हौद्यात शेणखताचा वास मुरलेली. भाव ३,४०,००० रुपयांवर तुटला.

सौदा करण्याआधी मिस्त्रींनी खाली सरकून चेसिसवर स्क्रूड्रायव्हर टोचत टोचत पूर्ण फेरी मारली. वरचा गंज चालतो, टोक आत गेलं तर सोडून द्यायची. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि हौद्याच्या बोल्टपाशी चिखल साचतो, तिथे जास्त वेळ घालवा. आमच्या गाडीला एका क्रॉस मेंबरवर खपली होती, बाकी चेसिस खणखणीत. चार-बाय-चारचा खटका मात्र फिरत होता आणि खाली काहीच होत नव्हतं. त्यावरूनच भाव वीस हजारांनी उतरला.

मालकी बदलणं जानेवारी २०२४ मध्ये झालं. फॉर्म २९ आणि ३०, दोघांचे आधार, विमा, पीयूसी. शासकीय शुल्क काही शेकड्यांत आहे, एजंटने मात्र साडेचार हजार सांगितले. मी ऑनलाइन अर्ज भरून कागद स्वतः नेऊन दिले. दोन खेपा झाल्या, दुसरी सही जुळत नाही म्हणून. विकणाऱ्याला घेऊन जाता आलं तर पहिल्याच खेपेला न्या. नवं आरसी कार्ड पोस्टाने यायला पाच आठवडे लागले.

आता तारखांचं गणित. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आमची १७ जून २०२४ला संपत होती. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं तर गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. अर्ज संपण्याच्या तारखेआधी साठ दिवसांत करता येतो, त्याआधी नाही. आम्ही ठरवलं, तोपर्यंत फक्त दुरुस्ती. दिसणारं, जोडलेलं, रंगवलेलं काही नाही. कंपनीने जशी विकली तशी गाडी नेऊन उभी करायची. एकदा पाच वर्षांचा शिक्का बसला की पुढचं पुढे.

यामागे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) तर २०१७ पासूनच बंदी आहे. समोर शोधदिवे लावायलाही केंद्रीय नियमांत मनाई आहे. म्हणजे जाहिरातीत जी ‘तयार’ गाडी दिसते, तिचा निम्मा साज रस्त्यावर आणला की पावतीच फाटायची. आम्हाला तो साज नकोच होता, त्यामुळे दुःख झालं नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल गाडी बहुतेक वेळ गॅरेजमध्येच होती. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मागचे ब्रेक सिलिंडर, पुढचे बॉल जॉइंट, सगळे बुश, रेडिएटर धुऊन नवे होज, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. मजुरीसकट ७४,००० रुपये. चार-बाय-चार घालणारी शिफ्ट मोटर नवी मागवली तर दीड महिना आणि किंमत अंगावर येणारी. नवरा एका शनिवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेला आणि जुनी, चालू मोटर ९,५०० ला घेऊन आला. तिथे जाताना बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि दोन वायरी घेऊन जा, मोटर दुकानातच फिरवून बघता येते.

चेसिसच्या गंजाला २८,००० गेले. हौदा उचलून बाजूला ठेवला, खपली घासली, क्रॉस मेंबरला तुकडा वेल्ड केला, रेड ऑक्साइड आणि वर कोटिंग. इथे एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो तिथे रंग किंवा कोटिंग बसू देऊ नका. आमच्या डेंटरने त्यावर ग्रीस फासून टेप लावली आणि काम झाल्यावर काढली. नूतनीकरणाच्या वेळी त्या नंबरची पेन्सिलने छाप घेतात. आकडे बुजलेले असले तर गाडी कितीही ठणठणीत असो, परत पाठवतात.

पाट्यांचं काम हा माझ्यासाठी सगळ्यात रंगलेला भाग. शॉकॲब्सॉर्बर आणि लिफ्ट किट विकणारे पुष्कळ आहेत, किमती लाखाच्या घरात. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, आधी निगडीला ट्रान्सपोर्टनगरला पाटेवाल्याकडे जाऊन या. ट्रकवाले काय वेडे आहेत का?” गेलो. शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ आणि दोन पोरं, बाहेर दहाचाकी उभी. त्यांनी गाडी मागून एकदा बघितली, हौद्यावर हात टाकून दोनदा खाली दाबली आणि नवऱ्याला विचारलं,

“माल किती भरणार?”

“माल नाही, आम्हीच,” मी म्हटलं.

“तुमचं वजन नाही विचारलं, ताई. सामान?”

हिशेब मी करून नेला होता. लाकडी सांगाडा, बॅटरी, फ्रिज, साठ लिटर पाणी, जादा डिझेल, स्वयंपाकाचं, अंथरुण. आम्ही दोघं धरून साडेतीनशे किलोच्या आसपास. शिवाय आरसीवर भरल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, तो आकडा त्यांना दाखवला. त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून बोलायला लागले. कायम वजन राहणार असेल तर एक पाटा वाढवू, म्हणाले. रिकामी हिंडणार असाल तर नको, पाठीला ठोके बसतील. हौदा रिकामा क्वचितच राहणार होता, म्हणून एक पाटा वाढवला.

पाटे सुटे केले की त्यांची कमान किती बसली आहे ते कळतं. त्यांनी मेन पाटा जमिनीवर ठेवून खडूने त्याची रेघ मारली, मग हवी तशी दुसरी रेघ तिच्यावर. पाटा ऐरणीवर आडवा ठेवून एका टोकापासून घणाचे घाव घालत सरकायचं, उलटायचं, खडूच्या रेघेवर आणून ठेवायचं, परत ऐरण. भट्टी नाही, काही नाही. थंड पोलादावर बोट-बोट अंतराने घाव. त्यांचा अंदाज असा की तिसऱ्या खेपेला पाटा रेघेवर तंतोतंत बसला. दोन्ही बाजू, नवे बुश, नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट मिळून ११,०००. निघताना बजावलं, हजार किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळून घ्या, नवीन पाटे बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. खरोखरच पाऊण आटा फिरले.

मागची उंची वाढल्यावर पुढे टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून गाडी सपाट करता येते. हे फुकटचं काम असल्यामुळे लोक भरपूर फिरवतात. मग पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि टायर एका बाजूने झिजतात. आम्ही फक्त गाडीचं नाक खाली दिसणार नाही इतकंच फिरवलं आणि लगेच अलाइनमेंट करून घेतलं. चार नवे शॉकॲब्सॉर्बर २२,०००.

टायर मूळ मापाचेच घेतले, २४५/७५ आर १६, ऑल टेरेन नक्षीचे. २०२० साली आलेल्या थारच्या एका मॉडेलला हेच माप आहे, त्यामुळे आता ते सहज मिळतात. पाच टायर ६८,५००. स्टेपनीही त्याच नक्षीची हवी, चार-बाय-चारमध्ये वेगळ्या व्यासाचा टायर लावून चालवायचं नसतं.

नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भरला. शुल्क ५,००० रुपये, एप्रिल २०२२ पासून हा दर आहे. शिवाय पर्यावरण कर, डिझेल गाडीला तेव्हा पाच वर्षांचे ३,५००. विमा फक्त थर्ड पार्टी मिळाला, जीएसटी धरून ९,३१८ रुपये. इतक्या जुन्या गाडीला सर्वंकष विमा द्यायला विचारलेल्या कंपन्या तयार नव्हत्या. तपासणीची तारीख मिळाली मेअखेरची. लोकसभा निवडणुकीचे दिवस होते, आमच्याकडे १३ मेला मतदान, निम्मी कचेरी त्या कामात. जून जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली, कारण उशीर झाला की खासगी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा, आणि नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही.

तपासणी स्वतः मात्र वीस मिनिटांत आटोपली. सकाळी नऊला रांगेत लागलो, साडेबाराला नंबर. दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर, चेसिसची छाप, गाडीसोबत फोटो. निरीक्षकांना मी विचारलं की हौद्यात लाकडी फ्रेम ठेवली तर? ते म्हणाले, सुटं सामान ते सामान, वेल्डिंग करून गाडीचा भाग केलात तर तो बदल. हे तोंडी होतं, लेखी नव्हे. आपापल्या आरटीओत विचारून घ्या. आम्ही त्याच शब्दांवर पुढचं सगळं बेतलं. हौद्यात जे आहे ते चार बोल्ट काढले की दोन माणसांना उचलून बाहेर ठेवता येतं.

पावसाळ्यात हौद्याचं काम निघालं. छतावरचा तंबू आम्ही बघून आलो, साठ-सत्तर हजारांपासून पुढे, आणि तेवढं वजन डोक्यावर. घाटातल्या वळणांवर मला ते नको होतं. डबल केबिनमुळे हौदा जेमतेम पाच फुटी. मग हौद्याचा मागचा फाळका पाडायचा आणि बिछान्याची शेवटची फळी त्याच्यावर सरकवायची, असा बेत निघाला. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना जाड साखळ्या घातल्या, माणसाचं वजन मूळ पट्ट्यांवर टाकू नये.

फॅब्रिकेटर भोसरीचा. ही मंडळी किलोवर बोलतात. दीडशे रुपये किलो, माल आणि मजुरी दोन्ही. त्यामुळे ते आपणहून जाड पाइप सुचवतात! चाळीस बाय चाळीसचा चौकोनी पाइप, दोन मिलीमीटर जाडी, यावर आम्ही अडून बसलो. सांगाडा ६२ किलोचा झाला, ९,३०० रुपये. हौद्यात मुळातच असलेल्या भोकांतून बोल्ट, मध्ये रबराच्या चकत्या. वर अठरा मिलीमीटरचं मरीन प्लाय, खाली दोन लांब ड्रॉवर, त्यांना मॉड्युलर किचनला लावतात ते जड वजनाचे चॅनेल. सुताराने विचारलं, गॅसची टाकी कुठे बसवायची. मी म्हटलं, दादा, हे गाडीत आहे. तो बराच वेळ हसत होता. प्लाय, चॅनेल, मजुरी १६,०००. वर वाकवलेल्या पाइपांच्या कमानी आणि ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेलं छप्पर, मागे फाळक्याच्या पुढे दोन फूट येणारं, ७,५००.

वीजजोडणी हा एकच भाग आहे जिथे स्वस्त वायरमन शोधू नका. शंभर अँपिअरअवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, गाडी चालू असताना ती भरणारा डीसी-डीसी चार्जर, जाड तांब्याच्या केबल आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज, सगळं मिळून ४१,०००. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज ३४,०००. फ्रिज ही चैन आहे हे नवऱ्याचं मत, आणि ते त्याने ताक पिता पिता मांडलं.

अडकल्यावर बाहेर काढायचं सामान १५,०००: ताणणारा दोर, दोर अडकवायचे दोन शॅकल, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, फावडं, टायरात हवा भरायचा पंप आणि मीटर. विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, नाही. तेवढा पैसा आणि तेवढं वजन घालून जावं लागेल अशा वाटेला आम्हाला जायचंच नाही.

सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गेलो. आरसीवरच्या आकड्याच्या आत भरलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. काट्याची पावती शंभर रुपयांना मिळते, ती डॅशबोर्डमध्ये ठेवली आहे.

ऑक्टोबरात भंडारदऱ्याकडे, साम्रदला गेलो. भात कापणीला आलेलं. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, जंगलात कुठेही तंबू ठोकता येत नाही. गावातल्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर विचारून मुक्काम केला, त्यांच्याकडेच जेवलो, दोघांचे मिळून सहाशे दिले. कच्च्या वाटेला टायरची हवा ३२ वरून २० वर आणली आणि गाडी एकदम मऊ झाली. चार-बाय-चार लो (सगळ्यात हळू आणि जोराचा गिअर) एकाच चढावर लागलं. त्याआधी मी खाली उतरून तो चढ चालून आले. ही सवय लावून घ्या, सीटवरून खड्डा कळत नाही.

कच्छला डिसेंबरात गेलो तेव्हा खरी परीक्षा झाली, ती धुळीची. पिकअप पळते तेव्हा मागे हवा ओढली जाते आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत शोषली जाते. खावड्याकडे बन्नीतल्या कच्च्या वाटांवर एक दिवस काढला आणि संध्याकाळी ड्रॉवर उघडला, तर तुरडाळीच्या बरणीच्या झाकणावर, चमच्यांच्या खळग्यांत, अंथरुणाच्या घड्यांत पिठासारखी बारीक पांढरी धूळ. भुजला गाडीच्या दरवाज्यांची रबरी बीडिंग विकत घेऊन फाळक्याच्या तिन्ही कडांना चिकटवली, ४५० रुपये. ताडपत्रीची पुढची झडप थोडी उघडी ठेवून चालवली की आत हवा भरते आणि मागून धूळ ओढली जात नाही. या दोन उपायांनी नव्वद टक्के काम झालं.

पांढऱ्या रणात जायला भिरंडियाराच्या चौकीवर परवाना काढावा लागतो. गाडी मिठावर घालू नका. वरचा थर कडक दिसतो, खाली चिखल असतो, आणि तिथे चार-बाय-चार असल्याने फक्त जास्त खोल रुतता येतं. खावडा ते धोलावीरा हा रणाच्या मधून जाणारा रस्ता डांबरी आहे, दोन्ही बाजूंना पांढरं पसरलेलं, त्यासाठी पिकअपची काही गरज नाही. साध्या गाडीने जा. धोलावीऱ्याला एका घरच्या अंगणात मुक्काम केला. रात्री थंडी मजबूत होती, फाळक्यावर पाय ठेवून झोपणाऱ्याला जास्त लागते, तिथे दुसरी चादर हवी.

गाडीची किंमत सोडून आतापर्यंत साडेतीन लाखांच्या वर गेले आहेत. त्यातल्या पाच रुपयांतले तीन गाडीच्या पोटाखाली आणि टायरांत. शेजारचे काका अजून विचारतात, “मग, गाडीचं काम कधी सुरू करताय?”

फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सुरक्षा क्रमांकपाट्या लावून घेतल्या, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. नोंदणी आता जून २०२९ पर्यंत आहे. गाडी बीएस-३, म्हणजे जुन्या प्रदूषण मानकाची, असल्यामुळे पीयूसी मात्र दर सहा महिन्यांनी.

पुढे स्पितीला जायचं आहे. दहा वर्षांवरची, आमच्यासारखी बीएस-३ डिझेल गाडी दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात चालत नाही. हे क्षेत्र हरियाणात दूरवर पसरलेलं आहे आणि राजस्थानातले अलवर, भरतपूर जिल्हेही त्यात येतात, त्यामुळे जयपूरवरून सरळ वर जाता येणार नाही. अजमेर, नागौर, हनुमानगड, भटिंडा असा वळसा नकाशावर आखून ठेवला आहे. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली भरायची नसते, म्हणून तिला हौद्यातून काढून केबिनमध्ये मागच्या सीटखाली आणायचं काम वायरमनला सांगितलंय. तो मे महिन्याचं म्हणतोय.